१९१३ चं कारण आपल्याच दप्तरात आहे : अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना खुले पत्र

अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या सन्माननीय सदस्यांस,

स.न.वि.वि.

मी सोलापूरच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पदवीच्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास हा विषय माझ्याकडे असतो. यादवी युद्धानंतरची पुनर्रचना, रेल्वे, पोलाद, तेल, संप, सुधारणांचा काळ, स्पेनशी झालेलं १८९८ चं युद्ध, पनामा. माझ्या वर्गातली बरीच मुलं शहराच्या पूर्व भागातून येतात. कुणाचे वडील यंत्रमागावर असतात, कुणाची आई घरी विड्या वळते. सोलापूरचा टेरी टॉवेल आपल्या देशात जातो. त्यामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचा आयातकर ५० टक्क्यांवर नेला गेला, तेव्हा चढ्या आयातकरांचे पुरस्कर्ते असलेले आपले जुने राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ले हे नाव या मुलांसाठी परीक्षेतल्या टीपांपुरतं राहिलं नाही. कराचा दर पुढे किती होतो, कमी होतो की वाढतो, हा या पत्राचा विषय नाही. दर बदलत राहतील. ज्या इतिहासाच्या आधारावर तो लावला गेला, तो इतिहास चुकीचा सांगितला जातो आहे, आणि तो दुरुस्त करण्याची जबाबदारी ज्या सभागृहांवर आहे ती पुरेशी बोलत नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

२० जानेवारी २०२५ रोजी शपथविधीच्या भाषणात आपले राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सांगितलं की मॅकिन्ले यांनी आयातकर लावून देश श्रीमंत केला. त्याच दिवशी अलास्कातल्या डेनाली पर्वताला मॅकिन्लेचं नाव परत देण्याचा आदेश निघाला, आणि त्याच भाषणात पनामा कालवा परत घेण्याची भाषा झाली. मग २ एप्रिलच्या भाषणात ते म्हणाले की १९१३ पर्यंत देश आयातकरावर चालत होता, तेव्हाच तो तुलनेने सर्वांत श्रीमंत होता, आणि १९१३ मध्ये प्राप्तिकर का आणला गेला हे कुणालाच माहीत नाही.

ते माहीत आहे. आपल्याच समित्यांच्या साक्षींमध्ये, आपल्याच सभागृहांच्या नोंदींमध्ये त्याची कारणं पानोपानी लिहिलेली आहेत. दुसऱ्या देशातला एक प्राध्यापक ती आपल्याला सांगू लागला, याचा राग मानू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं गुलामगिरीवरचं पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी जनतेला अर्पण केलं होतं. तेव्हापासून महाराष्ट्रात आपला इतिहास आपुलकीने वाचला जातो, आणि आपुलकीने वाचणारा माणूस गाळलेली पानं ओळखतो.

माझी पहिली तक्रार मॅकिन्ले यांच्याविषयी जे सांगितलं जातं आणि जे गाळलं जातं, त्याबद्दल आहे.

१८९० चा आयातकर कायदा मॅकिन्ले यांनी ओहायोचे प्रतिनिधी आणि कनिष्ठ सभागृहाच्या (हाऊसच्या) वेज अँड मीन्स, म्हणजे करविषयक, समितीचे अध्यक्ष म्हणून आणला. कर लागू असलेल्या मालावरचा सरासरी दर जवळपास ५० टक्क्यांवर गेला. १ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांची सही झाली आणि नोव्हेंबरमध्ये निवडणुका झाल्या. दुकानातल्या भाववाढीने चिडलेल्या मतदारांनी रिपब्लिकन पक्षाला हाऊसमध्ये जमीनदोस्त केलं. मॅकिन्ले स्वतः पडले. त्यांच्या मतदारसंघाच्या सीमा विरोधकांनी बदलल्या होत्या हेही खरं, पण देशभरातला कौल सीमांमुळे लागलेला नव्हता. पुढे ते ओहायोचे गव्हर्नर झाले, राष्ट्राध्यक्ष झाले, १८९७ मध्ये पुन्हा चढ्या करांच्या कायद्यावर त्यांनी सही केली. आणि मग ५ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलोच्या प्रदर्शनात ते बोलायला उभे राहिले. स्वतःला जगापासून वेगळं ठेवण्याचा काळ संपला, व्यापारी युद्धं कुणाच्याच फायद्याची नसतात, परस्पर सवलतीचे करार करावेत, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १४ सप्टेंबरला ते गेले. आयुष्यभर आयातकराची बाजू लढवलेल्या माणसाने शेवटच्या भाषणात जे सांगितलं, ते वगळून त्याचं नाव पर्वताला देणं हा त्याचाही सन्मान नाही.

दुसरी तक्रार मजुरीविषयी आहे, आणि ती मला सगळ्यांत जवळची आहे.

परदेशी माल अडवला की इथल्या कामगाराची मजुरी वाढते, असं तेव्हा सांगितलं जात होतं. आजही तेच सांगितलं जातं. पोलादाइतकं जकातीचं संरक्षण फार थोड्या धंद्यांना मिळालं. त्या पोलादाच्या राजधानीत, पिट्सबर्गजवळच्या होमस्टेडला, १८९२ मध्ये काय झालं? अँड्र्यू कार्नेगी स्कॉटलंडला होते. कारखाना हेन्री फ्रिक यांच्या हाती होता. त्यांनी मजुरीचे दर उतरवले, कामगार संघटनेशी बोलणी तोडली, कारखान्याभोवती कुंपण उभारलं. ६ जुलैच्या पहाटे मोनोंगाहेला नदीतून दोन तराफ्यांवर पिंकर्टन या खासगी सुरक्षा कंपनीचे ३०० सशस्त्र लोक आणले गेले. दिवसभराच्या लढाईत दोन्ही बाजूंची मिळून किमान दहा माणसं गेली. मग गव्हर्नरांनी साडेआठ हजार सैनिक पाठवले आणि नवे कामगार भरून कारखाना सुरू झाला. संघटना मोडली. पोलादातला बारा तासांचा दिवस १९२३ पर्यंत टिकला. एका पिढीचं आयुष्य त्यात गेलं. जकातीचा फायदा मालकाच्या हातात थांबला आणि भट्टीपुढच्या माणसापर्यंत पोचलाच नाही, हे होमस्टेडच्या कामगारांनी जीव देऊन दाखवून दिलं.

‘सर्वांत श्रीमंत’ काळातले आणखी काही आकडे आपल्याच जनगणनेतले आणि चौकश्यांमधले आहेत. १९०० च्या जनगणनेत १० ते १५ वर्षं वयाची साडेसतरा लाख मुलं कामावर होती. लुईस हाईन यांनी कापसाच्या गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींवर जाऊन त्यांचे फोटो काढले. चात्याजवळ उभं राहायला खोक्यावर चढलेली मुलगी, कोळशातले दगड वेचणारी काळवंडलेली पोरं. ते फोटो मी वर्गात दाखवतो तेव्हा सोलापुरातल्या मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही. ६ डिसेंबर १९०७ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगाच्या खाणीत स्फोट होऊन ३६२ माणसं गेल्याची अधिकृत नोंद आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात आग लागली. एक दार कुलूपबंद होतं. १४६ माणसं मेली, त्यांत बहुतेक ज्यू आणि इटालियन घरांतल्या तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावरून उड्या टाकणाऱ्या त्या मुलींना रस्त्यावरून पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या. त्याच पुढे राज्याच्या कारखाना चौकशी आयोगाच्या कामात उतरल्या आणि १९३३ मध्ये आपल्या देशाच्या कामगारमंत्री झाल्या. कारखान्याचे मालक मात्र निर्दोष सुटले. १९१४ च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोतल्या लडलोला संपकरी खाणकामगारांच्या तंबूंना आग लावली गेली, तेव्हा तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं गुदमरून मेली. या संपाची चौकशी आपल्याच काँग्रेसने नेमलेल्या औद्योगिक संबंध आयोगाने केली आणि खाण कंपनीचे मालक असलेल्या रॉकफेलर कुटुंबाला साक्षीला बोलावलं.

१९१३ चा प्राप्तिकर याच काळाच्या अनुभवातून आला. आयातकर हा साखर, लोकर, कापड, भांडी घेणाऱ्यावर बसतो. गरिबाच्या मिळकतीचा मोठा भाग त्याच वस्तूंवर जातो, श्रीमंताचा जात नाही. काँग्रेसने १८९४ मध्ये प्राप्तिकर लावला, सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये तो रद्द केला. म्हणून शेवटी घटनादुरुस्ती करावी लागली आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये सोळावी दुरुस्ती मंजूर झाली. ऑक्टोबरमध्ये आलेल्या कायद्याने एकाच वेळी दोन गोष्टी केल्या: आयातकर खाली आणले, आणि तीन हजार डॉलरच्या वर कमावणाऱ्यांवर एक टक्का, सर्वांत श्रीमंतांवर सात टक्के असा कर बसवला. सामान्य कामगाराला त्यातला एक सेंटही द्यावा लागत नव्हता. त्या उन्हाळ्यात भीमराव आंबेडकर नावाचा एक विद्यार्थी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात येऊन दाखल झाला होता. त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन हे चढत्या दराच्या प्राप्तिकराचे आपल्या देशातले मोठे पुरस्कर्ते. कर कुणावर बसतो आणि कुणाच्या पाठीवर पडतो, हे आमच्या घटनेच्या शिल्पकाराने आपल्याच देशात, ते बदलत असताना अभ्यासलं. आज त्या देशाच्या सर्वोच्च पदावरून १९१३ चं कारण कुणालाच ठाऊक नाही असं म्हटलं जातं आणि सभागृहांतून तितक्याच मोठ्या आवाजात उत्तर येत नाही, याने मी व्यथित होतो.

तिसरी तक्रार समुद्रापलीकडच्या माणसांची आहे. आयातकर हा आपला अंतर्गत प्रश्न आहे असं कुणी म्हणालं, तर हवाई आणि क्यूबाचा इतिहास उघडून पाहावा.

हवाईची साखर १८७५ च्या करारामुळे आपल्याकडे करमुक्त येत होती. १८९० च्या कायद्याने सगळ्याच देशांची कच्ची साखर करमुक्त केली आणि देशी उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान दिलं. हवाईचा फायदा एका फटक्यात गेला. तिथले मळे बहुतांशी अमेरिकी वंशाच्या लोकांच्या हातात होते. बेटं अमेरिकेत गेली की अनुदान आपल्यालाही मिळेल, हा हिशेब त्यांच्यापैकी अनेकांनी केला. जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करण्यात आलं तेव्हा बंदरातल्या आपल्या युद्धनौकेवरून सैनिक उतरवले गेले होते. एकटा आयातकर हेच कारण होतं असं मी म्हणणार नाही, राणीच्या नव्या राज्यघटनेचा वाद होता, पण साखरेशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी चौकशी करून विलीनीकरण नाकारलं. १८९७ मध्ये २१ हजारांहून जास्त हवाईयन लोकांनी विलीनीकरणाच्या विरोधात सह्या केल्या. मूळ रहिवाशांची संख्या तेव्हा जेमतेम ४० हजार होती. तरीही जुलै १८९८ मध्ये मॅकिन्ले यांच्या सहीने बेटं घेतली गेली. १९९३ मध्ये आपण ठराव करून या कृत्याबद्दल माफी मागितली, हे मी वर्गात आवर्जून सांगतो. फार थोड्या देशांनी तेवढं केलं आहे.

क्यूबाचं उलट झालं. १८९४ च्या कायद्याने साखरेवर पुन्हा ४० टक्के कर आला. साखरेवर जगणाऱ्या बेटाची बाजारपेठ बसली, पुढच्याच वर्षी स्पेनविरुद्ध उठाव पेटला. स्पॅनिश सेनापती वेलर यांनी खेड्यांतल्या लोकांना छावण्यांत कोंडलं, हजारो उपासमारीने आणि रोगाने गेले. आपल्या देशातल्या लोकांचं मन त्याने हललं आणि १८९८ मध्ये स्पेनशी युद्धाला पाठिंबा मिळाला. ती करुणा खरी होती असं मी मानतो. म्हणूनच पुढचं वाचवत नाही. तीन-चार वर्षांतच फिलिपाईन्समधल्या बटांगास प्रांतात आपल्या सैन्याने तशाच छावण्या उभारल्या.

फिलिपाईन्सही स्पेनच्याच ताब्यात होतं. फिलिपिनो लोकांनी १२ जून १८९८ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. डिसेंबरात पॅरिसच्या तहात ती बेटं दोन कोटी डॉलरना स्पेनकडून घेतली गेली. त्या बेटांवरच्या कुणालाही त्या टेबलावर जागा नव्हती. सिनेटने ६ फेब्रुवारी १८९९ रोजी ५७ विरुद्ध २७ मतांनी तो तह मंजूर केला, दोन दिवस आधी मनिलात गोळीबार सुरू झालेला असताना. युद्धात ४ हजारांवर अमेरिकी सैनिक, २० हजारांहून अधिक फिलिपिनो लढवय्ये, आणि हिंसा, दुष्काळ, पटकी मिळून दोन लाखांपर्यंत सामान्य माणसं गेली, असं आपल्या परराष्ट्र खात्याचे इतिहासकारच सांगतात. बालांगिगा गावात फिलिपिनोंनी अमेरिकी सैनिकांवर केलेल्या हल्ल्यानंतर जनरल स्मिथ यांनी दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला मारण्याचा तोंडी हुकूम दिला. लष्करी न्यायालयाने त्यांना समज दिली आणि ते सेवानिवृत्त झाले. कैद्यांच्या पोटात पाणी भरून माहिती काढली जाई, हे १९०२ मध्ये आपल्याच सिनेटच्या समितीसमोर साक्षींत आलं. त्या काळी लेखक मार्क ट्वेन, समाजसुधारक जेन ॲडम्स, कामगार नेते गोम्पर्स आणि स्वतः कार्नेगी साम्राज्याविरुद्ध एका संघटनेत उभे राहिले. होमस्टेडचे मालक आणि कामगारांचे पुढारी एका बाजूला आले, इतका तो प्रश्न मोठा होता.

पनामाविषयी थोडक्यात लिहितो. ३ नोव्हेंबर १९०३ ला पनामा कोलंबियापासून सुटला, अमेरिकी युद्धनौका किनाऱ्यावर उभ्या होत्या, पंधरा दिवसांत कालव्याच्या करारावर सह्या झाल्या आणि पनामाच्या वतीने सही करणारा माणूस फ्रेंच होता. अमेरिकी बांधकामाच्या काळात ५,६०० च्या आसपास कामगार मेले. त्यांतले बहुसंख्य वेस्ट इंडीजमधले कृष्णवर्णीय होते आणि त्यांचा पगारपट वेगळा होता. १९७७ च्या करारांना आपल्या सिनेटने संमती दिली आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवा पनामाला मिळाला. तो परत घेण्याची भाषा आपल्याच सिनेटच्या शब्दाविरुद्ध आहे.

एक गोष्ट सुधारणांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही सांगायची आहे. त्या काळातल्या सुधारकांनी भेसळीविरुद्ध कायदा केला, तेलात मक्तेदारी असलेल्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे ३४ तुकडे झाले, सिनेटर थेट जनतेतून निवडले जाऊ लागले, बायकांना मत मिळालं. पण ज्यांच्या मुक्तीसाठी जोतीरावांनी पुस्तक अर्पण केलं, ते या सगळ्यांतून वगळले गेले. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेच्या वेगळ्या डब्यांना मान्यता दिली. १८९८ मध्ये, मनिलात आणि क्यूबात स्वातंत्र्याची भाषा चालली होती त्याच वर्षी, नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनला निवडून आलेलं शहर सरकार गोऱ्या जमावाने बंदुकीच्या जोरावर उलथवलं आणि कृष्णवर्णीयांची हत्या केली. मॅकिन्ले यांनी सैन्य पाठवलं नाही. १९१७ मध्ये आपण केलेल्या कायद्याने आमच्यासह आशियातल्या बहुतेक लोकांना येण्याचीच बंदी झाली. तो काळ परत आणायचा म्हणणाऱ्यांनी हेही परत आणायचं आहे का, याचं उत्तर दिलं पाहिजे.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत.

आयातकर लावण्याचा अधिकार आपल्या घटनेच्या पहिल्या कलमाच्या आठव्या विभागाने काँग्रेसला दिला आहे. आमच्यावरचा ५० टक्क्यांचा कर दोन्ही सभागृहांत मतदान होऊन आलेला नव्हता, राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने आला. १८९० मध्ये निदान मतदाराला कळत होतं की कुणी मत दिलं आणि कुणाला पाडायचं. यापुढे कुठल्याही देशावरचा मोठा कर वेज अँड मीन्स समितीच्या जाहीर सुनावणीशिवाय आणि नोंदवलेल्या मतदानाशिवाय लागू होऊ नये, असा कायदा करावा. त्या सुनावणीत आपल्याकडच्या ग्राहकांची, कामगारांची आणि माल पाठवणाऱ्या देशांतल्या कामगारांचीही बाजू ऐकावी.

आयातकर वाढवून प्राप्तिकर काढून टाकण्याचा प्रस्ताव सभागृहात आला, तर मतदानापूर्वी त्याचा भार कोणत्या उत्पन्नाच्या घरावर किती पडतो, याचा हिशेब काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाकडून जाहीर करवावा.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९०१ पासूनच्या ज्या निकालांनी पोर्तो रिको, ग्वाम आणि इतर बेटांवरच्या लोकांना घटनेचं पूर्ण संरक्षण नाकारलं, ते निकाल नाकारणारा ठराव दोन्ही सभागृहांनी मंजूर करावा. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती गोरसच यांनीही ते रद्द व्हायला हवेत असं लिहिलं आहे. अमेरिकन समोआत जन्मलेली माणसं आजही जन्माने नागरिक नाहीत. १९९३ मध्ये हवाईबद्दल जसा ठराव केला, तसा फिलिपाईन्सच्या युद्धाबद्दलही करावा. २०१८ मध्ये आपल्या सैन्याने नेलेल्या बालांगिगाच्या चर्चच्या घंटा परत गेल्या, तेव्हा अर्धं काम झालं होतं.

१९७७ चे पनामा करार पाळले जातील, असा सिनेटने ठराव करावा.

आणि बालमजुरीविषयी. १९१६ चा आपला पहिला कायदा दोन वर्षांत न्यायालयात पडला, खरा टिकलेला कायदा १९३८ मध्ये आला. २०२३ मध्ये आर्कान्सास राज्याने १६ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवताना लागणारा परवाना काढून टाकला. संघराज्याच्या कायद्याने असा परवाना देशभर सक्तीचा करावा आणि तपासणी अधिकाऱ्यांची संख्या वाढवावी. भारतात बालमजुरी संपलेली नाही, ते मी रोज पाहतो, आणि आपल्याकडे एक पाऊल मागे गेलं की इथल्या कारखानदारांनाही सबब मिळते.

या पत्राची इंग्रजी प्रत वेज अँड मीन्स समिती आणि सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीला पाठवली आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना विनंती की त्यांनी आपापल्या प्रतिनिधीला यातली किमान एक मागणी स्वतःच्या शब्दांत लिहून कळवावी. उत्तर आलं तर मी ते जसंच्या तसं याच ठिकाणी छापेन.

आपला,
इतिहासाचा एक प्राध्यापक, सोलापूर